मत देण्याआधी प्रत तपासा

२०२५ मध्ये जुन्या हिंदी सिनेमाबद्दल मुंबईत बरंच बोललं गेलं. ‘शोले’ला पन्नास वर्षं झाली आणि त्याची रिस्टोअर केलेली, मूळ शेवट असलेली प्रत जूनमध्ये इटलीत बोलोन्याला दाखवली गेली. गुरुदत्त यांची जन्मशताब्दी म्हणून ऑगस्टमध्ये त्यांचे सिनेमे पुन्हा थिएटरांत लागले. त्या निमित्ताने नवे प्रेक्षक जुन्या सिनेमांकडे वळले आणि जुना वाद नव्याने पेटला. एक बाजू म्हणते, हे सिनेमे संथ आहेत, अभिनय भडक आहे, आवाज कर्कश आहे. केवळ आठवणींच्या जोरावर त्यांना डोक्यावर घेतलंय. दुसरी बाजू म्हणते, तीस सेकंदांच्या रील्सवर वाढलेल्या पिढीला हे कळायचं नाही, असा सिनेमा आता होणे नाही. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण आपण नेमकं काय पाहिलं हे कोणीच सांगत नाही.

माझं म्हणणं असं की यातली निम्मी तरी मतं सिनेमाबद्दलची नसतातच, ती प्रतीबद्दलची असतात. डोकी छाटलेली, गाणी गाळलेली, रंग उडालेली, आवाज घासून सपाट केलेली प्रत मोबाइलवर पाहायची आणि निकाल मात्र दिग्दर्शकाविरुद्ध द्यायचा, हा न्याय नव्हे. आणि तशाच प्रतीवर, फक्त चाळीस वर्षांपूर्वी दूरदर्शनवर पाहिलेल्या, विसंबून आरत्या ओवाळायच्या हेही मत नव्हे. कुठल्याही जुन्या सिनेमावर बोलताना पहिला प्रश्न हवा: कोणती प्रत पाहिलीत?

गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ घ्या. १९५९ चा हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याची चौकट उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त रुंद आहे, २.३५ ला १. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन मोठ्या आरशांवरून परतवून अंधाऱ्या स्टुडिओत आणलं आणि तो प्रसिद्ध प्रकाशझोत मिळवला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ‘वक़्त ने किया’ या गाण्यात त्या झोताइतकंच काम मधली मोकळी जागा करते. नायक एका टोकाला, नायिका दुसऱ्या टोकाला, मध्ये रिकामा, धुळीने भरलेला स्टुडिओ, आणि त्यांच्या पारदर्शक आकृती देहांतून निघून झोतात भेटतात. आता हीच चौकट जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापा. ४३ टक्के चित्र जातं. आजच्या रुंद टीव्हीसाठी दोन्ही कडा खाऊन बसवलंत तरी जवळपास चौथाई जातं. दोघांमधलं अंतर हाच ज्या दृश्याचा आशय, त्यातलं अंतरच कापल्यावर उरतं काय? उदास चेहऱ्याची दोन माणसं आणि एक गाणं. ते पाहून कोणी ‘काहीच घडत नाही’ म्हणालं तर त्याच्या डोळ्यांनी त्याला फसवलेलं नाही.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या बहुतेक सिनेमांचं उलटं होतं. त्यांची चौकट जवळपास चौकोनी, १.३७ ला १. ती १६ ला ९ च्या पडद्यावर ‘फुल स्क्रीन’ भरवायची म्हणजे वरून-खालून मिळून २३ टक्के छाटायचं. काही वाहिन्या आणि इंटरनेटवर सिनेमे चढवणारे सर्रास हेच करतात, कारण बाजूच्या काळ्या पट्ट्या प्रेक्षकांना आवडत नाहीत असा त्यांचा समज आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा पूर्णाकृतीत विचार करणारा सिनेमा आहे: तुकाराम झालेल्या पागनीसांचं उभं राहणं, गौरीच्या जिजाईची पायापासून डोक्यापर्यंतची लगबग. तिचं संतापून देवळात विठ्ठलावर चालून जाणं हे मराठी पडद्यावरच्या अभिनयाचं माझ्या मते आजही न ओलांडलेलं टोक आहे, आणि तो अभिनय सगळ्या अंगाने केलेला आहे. कपाळ आणि पाय कापले की जवळून ओरडणारी बाई उरते, मग तो अभिनय भडक वाटतो. काही ठिकाणी कापण्याऐवजी ताणतात. तेव्हा माणसं जवळपास एक तृतीयांशाने रुंद होतात. ओळखायची खूण सोपी आहे. पडद्यावर भिंतीवरचं घड्याळ, बैलगाडीचं चाक किंवा जेवणाचं ताट येऊ द्या. ते लंबगोल दिसलं तर प्रत ताणलेली आहे.

‘संथ’ या आरोपाकडे जरा बारकाईने पाहायला हवं, कारण तो सगळ्यात जास्त ऐकू येतो. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रं या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर धावते. सेन्सॉर प्रमाणपत्रावर सिनेमाची लांबी छापलेली असते. ती मीटरमध्ये असेल तर २७.४ ने आणि फुटांत असेल तर ९० ने भागा, मिनिटं मिळतात. ४११० मीटर म्हणजे दीडशे मिनिटं. समोरची प्रत १२८ मिनिटांत संपत असेल तर २२ मिनिटं कुणीतरी खाल्ली आहेत. बऱ्याचदा ती गाण्यांची असतात. गाण्यांचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे असल्याने इंटरनेटवर चढवलेल्या प्रतींतून ती गाळली जातात. आता ‘प्यासा’तून गाणी काढून पाहा. त्यातल्या कवी विजयचा जगाशी चाललेला वाद त्या गाण्यांतच आहे; संवादांत फक्त त्याचे घरगुती अपमान आहेत. गाणी काढल्याने सिनेमा लहान होतो, पण वेगवान होत नाही. उलट रेंगाळल्यासारखा वाटतो, कारण प्रसंगांना जायचं ठिकाणच उरत नाही.

उलटा घोटाळाही आहे, आणि तो ‘जुनं ते सोनं’वाल्यांच्या वाट्याचा. दूरदर्शनची ‘पाल’ ही प्रक्षेपण पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. २४ चित्रांचा सिनेमा तिच्यावर सरळ २५ ने चालवत, त्यामुळे दीडशे मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपे आणि गाण्यांचा सूर चढे: सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या साधारण सत्तर टक्के. म्हणजे रविवारी संध्याकाळी ऐकलेला तो ‘अस्सल’ आवाज गायकाने गायलेल्या पट्टीतला नव्हता. मूकपटांवर तर याहून मोठा अन्याय झाला. ते साधारण १६ ते २० चित्रांच्या वेगाने टिपलेले. २४ ने चालवले की माणसं तुरुतुरु पळतात आणि कित्येक पिढ्या समजतात की त्या काळचे नट तसेच नाचत.

आवाजाचं एकच उदाहरण देतो, पण ते नीट पाहण्यासारखं आहे. ‘कुंकू’ (१९३७) मध्ये शांतारामांनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. ऐकू येतात ते घरातले आवाज. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात नीरा अडकली आहे, आणि त्या घरातलं जुनं घड्याळ हे जवळजवळ एक पात्रच आहे. केशवराव दात्यांचा काकासाहेब आवाज न चढवता हळूहळू खचत जातो. शांता आपटे ताठ उभी राहून नकार देते. हा अभिनय भडक मुळीच नाही. पण त्या काळच्या प्रकाशमुद्रित ध्वनिपट्टीचा पल्ला मर्यादित, वर प्रतीवरून प्रत काढताना चढत गेलेली खरखर. ती घालवायला कोणी संगणकावर ‘नॉइज रिडक्शन’ जोरात फिरवलं की खरखरीबरोबर घड्याळाची टिकटिक, कापडाची सळसळ, खोलीचा पोकळपणा हे सगळं जातं. वाक्यांच्या मधल्या जागा ठार मुक्या होतात आणि प्रत्येक वाक्य त्या मुकेपणातून फेकल्यासारखं कानावर आदळतं. शांततेवर उभारलेला सिनेमा मग नाटकी ठरतो.

रंगाचंही तेच. साठ-सत्तरच्या दशकांतल्या ईस्टमन पद्धतीच्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी होतं. ती त्या काळची आवड नव्हती, ते रसायन आहे. त्याहून फसवा प्रकार ‘डे फॉर नाइट’चा. रात्रीची बाह्यदृश्यं पूर्वी भर दुपारी, कमी प्रकाश घेऊन टिपत आणि प्रिंट काढताना ती आणखी काळवंडत. लॅबमधल्या माणसाला ते ठाऊक असे. आज स्कॅन करणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो चित्र ‘उजळ आणि स्वच्छ’ करतो, आणि कंदील हातात घेतलेला नायक रणरणत्या उन्हात वाट चाचपडत जातो. प्रेक्षक हसतात. हसू येणारच, पण ते सत्तर वर्षांपूर्वीच्या छायालेखकावर कशासाठी?

जुन्याच्या कैवाऱ्यांनाही एक गोष्ट ऐकवायला हवी. जे उरलंय ते उत्तम होतं म्हणून उरलेलं नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले असं मानतात; पूर्ण-अपूर्ण धरून तीससुद्धा हाती नाहीत. १९३१ साली गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या पहिल्या भारतीय बोलपटाची, ‘आलम आरा’ची, एकही प्रत सापडत नाही. काही फिल्म चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म पेटणारी. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत प्रभातच्या सिनेमांच्या निगेटिव्ह गेल्या. नंतरची ॲसिटेट फिल्म पेटत नाही, पण उष्ण दमट हवेत ती कुजून ॲसेटिक आम्ल सोडते, आंबूस वास येतो, फिल्म आक्रसते, वळते आणि यंत्रात बसेनाशी होते. एक कुजलेला डबा शेजारच्या डब्यांनाही लागण देतो. मुंबईच्या पावसाळ्यात बिनएसीच्या गोदामात ठेवलेल्या डब्यांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. ‘शोले’ची मूळ कॅमेरा निगेटिव्हसुद्धा या रोगाने वापरण्याजोगी राहिली नव्हती. देशातला सगळ्यात गाजलेला सिनेमा, आणि त्याची ही गत! तेव्हा ‘त्या काळी सगळंच चांगलं होतं’ हा निष्कर्ष आग, दमट हवा आणि चांदीचा भाव यांनी चाळून ठेवलेल्या ढिगावरून काढलेला आहे.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते हलके नाहीत. पहिला: थोर सिनेमा वाईट प्रतीतूनही पोचतो. खरं आहे. मुंग्या येणाऱ्या कृष्णधवल टीव्हीवर, चाळीतल्या एका खोलीत वीस जणांनी बसून पाहिलेल्या सिनेमांवर एक अख्खी पिढी पोसली. फुकट चढवलेल्या प्रती नसत्या तर आज तालुक्याच्या गावातल्या मुलाला ‘माणूस’ किंवा ‘सामना’ दिसलेच नसते. मी त्या प्रती बंद करा म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही. पण पोचणं आणि जोखणं यांत फरक आहे. वाईट प्रतीतूनही एखाद्याला सिनेमा भावला तर त्याने चांगलं असल्याचा पुरावा दिला. वाईट प्रतीतून नाही भावला, तर तो कशाचाच पुरावा नाही. हे दोन निष्कर्ष एकाच मापाने मोजता येत नाहीत, आणि वादात नेमकं तेच होतं.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: चांगली प्रत म्हणजे चांगला सिनेमा नव्हे. ‘कागज के फूल’ १९५९ साली लोकांनी अखंड, झळझळीत, रुंद पडद्यावर पाहिला आणि नाकारला. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून नाव लावलं नाही. तेव्हाच्या प्रेक्षकाला प्रतीचा बहाणा देता येत नाही. मान्य. माझं स्वतःचं मत विचाराल तर सासरच्या माणसांचा आणि जॉनी वॉकरचा विनोदी भाग आजही त्या सिनेमाला खाली ओढतो, आणि कितीही चांगल्या स्कॅनने तो सुधारणार नाही. ‘मेरा नाम जोकर’चा पहिला भाग, शाळकरी पोराचा, राज कपूर यांनी केलेल्या सर्वोत्तम कामांपैकी आहे, तिसरा भाग पूर्ण लांबीतही ढिसाळच आहे. पण ही मतं पूर्ण प्रत पाहिल्यावरच ठामपणे देता येतात. दोष कुणाचा हे ठरवण्यासाठीसुद्धा पुरावा अखंड लागतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात खोल जातो. मूळ प्रत म्हणून काही असतं का? ‘जोकर’ दोन मध्यंतरांचा चार तासांहून लांब सिनेमा म्हणून लागला आणि मग कापला गेला. ‘शोले’चा आधी चित्रित केलेला शेवट, ठाकूर गब्बरला पायाखाली ठार करतो तो, आणीबाणीतल्या सेन्सॉरने बदलायला लावला, १५ ऑगस्ट १९७५ ला मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात लागला तो पोलीस येऊन गब्बरला नेतात तो शेवट. पाच वर्षांहून अधिक काळ लॅमिंग्टन रोडवर लोकांनी तोच पाहिला. मग अस्सल कोणता? माझं उत्तर: दोन्ही, आपापल्या नावाने. पहिला दिग्दर्शकाला काय हवं होतं ते सांगतो, दुसरा १९७५ चा भारत काय सोसत होता ते सांगतो. एकाला पुढे करून दुसरा गुपचूप गाडून टाकणं चूक.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत पाठ बिघडत गेले, नकलणाऱ्यांनी आपल्या ओव्या घुसवल्या, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात पुन्हा आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवील असं बजावून ठेवलं. त्यांना ज्ञानेश्वरीची एकही हक्काची मूळ पोथी मिळालेली नव्हती. तरी त्यांनी ‘मूळ असं काही नसतंच’ म्हणून हात वर केले नाहीत; प्रतींची तुलना केली आणि आपण काय केलं ते लिहून ठेवलं. संगीत नाटकाचंही पाहा. ‘सौभद्र’मध्ये शंभराहून अधिक पदं. रात्रभराचा प्रयोग तीन तासांवर आला तशी पदं गळत गेली, आणि त्यात गैर काही नाही. पण छापील संहिता हाताशी आहे, म्हणून काय गाळलं ते कुणालाही पाहता येतं. सिनेमाला ती सोय नाही. कापलेली प्रत हीच उरलेली प्रत झाली, की कापलेलं होतं हेही विस्मरणात जातं.

बदल करणारे नेहमी म्हणतात, लोकांना आवडतंय ना? ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली पूर्ण रंगवून आणला आणि गर्दी झाली. झालीच. नव्या प्रेक्षकाला तो सिनेमा त्या रूपात भेटला, याचं मोल मी कमी करत नाही. पण १९६० च्या प्रतीत बराचसा सिनेमा कृष्णधवल चालतो आणि शीशमहालात अनारकली ‘प्यार किया तो डरना क्या’ गाते तिथे पडदा एकदम रंगात फुटतो. तिचं बंड आणि रंग एकाच क्षणी येतात. सगळंच रंगवल्यावर तो क्षण इतर क्षणांसारखाच झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेने बदलून मेलेला नायक जिवंत केला गेला. दिग्दर्शक आनंद राय यांनी जाहीर विरोध केला, पण आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार सिनेमाचा कर्ता निर्माता असतो. आणि प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी सिनेमावरचा हक्कच संपतो; ‘प्यासा’ २०१८ पासून मोकळा आहे. म्हणजे उद्या कुणी विजयला शेवटी कवी म्हणून सुखाने नांदवलं तर जाब कोणाला विचारायचा?

रिस्टोरेशन हे यावरचं सरसकट उत्तर आहे असंही मी म्हणत नाही. दीडशे मिनिटांच्या सिनेमात २ लाख १६ हजार चित्रं असतात. रिळं हाताने तपासायची, फाटलेली छिद्रं जोडायची, धुऊन स्कॅन करायची, थरथर थांबवायची, ओरखडे पुसायचे, मग रंग किंवा काळा-पांढरा तोल लावायचा. घाई झाली की सॉफ्टवेअर फिल्मचा दाणा, म्हणजे तिचा मुळातला बारीक रवाळ पोत, धूळ समजून पुसतं आणि चेहरे मेणाचे होतात. पाऊस ओरखडा समजून पुसला जातो. तोल लावताना कोणाला विचारायचं हा तर मोठाच प्रश्न. ‘मंथन’ २०२४ मध्ये रिस्टोअर झाला तेव्हा दिग्दर्शक श्याम बेनेगल आणि छायालेखक गोविंद निहलानी दोघंही सांगायला होते. ‘कागज के फूल’चे मूर्ती २०१४ मध्ये गेले. त्यांनी सावली किती काळी ठेवली होती हे आता जुन्या प्रिंटवरूनच ताडायचं. म्हणून ‘फोर के’ एवढीच पाटी पुरत नाही. कशावरून स्कॅन केलं, लांबी किती मीटर, चौकटीचं प्रमाण काय, तोल कोणी लावला, काय गहाळ आहे, ही माहिती सिनेमाच्या सुरुवातीला एका पाटीवर मावते. वाहिन्यांनी आणि ओटीटीवाल्यांनी ती दाखवणं सक्तीचं व्हावं. प्रमाणपत्र दाखवतातच, मग ही आणखी एक पाटी दाखवायला अडचण कसली?

तोवर प्रेक्षकाच्या हातात आहे ते त्याने करावं. टीव्हीचं हालचाल गुळगुळीत करणारं ‘मोशन स्मूदिंग’ बंद, चित्राचा आकार ‘ओरिजिनल’वर. प्रमाणपत्रावर त्रिकोण असेल तर सेन्सॉरने काप सुचवले होते असं समजावं. ‘शोले’त राधा वाड्यात एकेक दिवा मालवत जाते आणि जय माउथ ऑर्गन वाजवत बसतो, ते दृश्य दिवसाच्या उजेडात मोबाइलवर पाहू नये, त्यात घडतं ते सगळं अंधाराच्या दोन छटांमध्ये घडतं, आणि त्या छटा तिथे दिसतच नाहीत. आणि थिएटरात गेलात तर श्रेयनामावलीकडे नीट लक्ष द्या. आजचे प्रोजेक्टर ‘फ्लॅट’ आणि ‘स्कोप’ अशा दोन ठरावीक मापांवर लावलेले असतात. जुन्या चौकोनी सिनेमासाठी चुकीचं माप राहिलं की सगळ्यात आधी वरच्या आणि खालच्या ओळीतली नावं कापलेली दिसतात. तसं दिसलं की उठून दारावरच्या माणसाला लगेच सांगावं. माप बदलायला ऑपरेटरला मिनिटही लागत नाही. मध्यंतरात सांगितलं तर मात्र अर्धा सिनेमा डोक्यांशिवाय गेलेला असतो.